पंढरी बघून आलाय

उरणच्या खाडीकाठच्या त्या गावात माणूस गेला, ही गोष्ट डॉक्टरच्या कागदाने खरी होत नसे आणि घरच्यांच्या हंबरड्यानेही होत नसे. पंढरी घरतची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबे, टपावरचे दोन भोंगे एकदा खरखरत, आणि जाड, संथ, मिठागराच्या उन्हात वाळलेला तो आवाज उमटे. कोण गेले, कोणाचे कोण होते, किती वाजता कुठून निघायचे, एवढे सांगून आवाज थांबे. त्या थांबण्यात एक श्वास असे. तवा उतरवणारी बाई तो श्वास ऐकत उभी राही, जाळे सांधणारा हात दोऱ्यासकट हवेत राही. मग शेवटचे तीन शब्द येत.

"पंढरी बघून आलाय."

मग माणसे उठत. त्याआधी कोणी उठत नसे.

मयतच नव्हे, गावाला जे जे कळायला हवे ते पंढरीच्या तोंडून कळे. गावदेवीची जत्रा, लहान मुलांचा डोस, हरवलेली शेळी, मोहल्ल्यातल्या जनाज्याची वेळ. पाणी दोन दिवस येणार नाही असा निरोप आला, तर तो आधी टाकीची शिडी चढून आत डोकावून येई. बाजारात कापडाचा मोठा सेल लागला, तर आदल्या दिवशीचा भाव आणि आजचा भाव दोन्ही विचारून येई. त्यापायी दोन दुकानदारांनी त्याला बोलावणे सोडले. त्याला त्याचे दुःख नव्हते. शब्द हे त्याचे दैवत होते, आणि दैवताला शिळा नैवेद्य दाखवायचा नाही एवढेच त्याला ठाऊक होते.

हे शहाणपण त्याला जन्मतः मिळालेले नव्हते. ते एका पापातून आले होते.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातले रावसाहेब, बंदरातले निवृत्त कारकून, पनवेलच्या इस्पितळात होते. दुपारी कोणाचा तरी फोन आला : रावसाहेब गेले. पंढरी तेव्हा नुकता चाळिशीत होता, नवे भोंगे घेतले होते, आणि बातमी सगळ्यांच्या आधी आपल्या तोंडून जावी अशी त्याला हाव होती. अर्ध्या तासात साऱ्या गावाला कळले. बांबू आले, मडके आले, कामोठ्याहून पाहुणे निघाले. दिवस कलताना एक जीप दारात थांबली आणि पुढच्या सीटवरून स्वतः रावसाहेब उतरले. अंगणातली तिरडी बघून त्यांनी विचारले, "कोन गेला रे?"

गाव हसले. अजूनही त्या गोष्टीला हसते. पण कामोठ्याला लेकीकडे राहणारी रावसाहेबांची आई हसू शकली नाही. फोनवर मुलाचे मरण ऐकून ती जमिनीवर कोसळली, आणि पुढची चार वर्षे, मुलगा जिवंत समोर बसलेला असताना, तिच्या तोंडून एक धड शब्द निघाला नाही. पंढरीच्या जिभेने एका माउलीची जीभ नेली. तो तिच्या पायांवर डोके ठेवून रडला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. बोलता येत असते तर काय बोलली असती, ते त्याला कधीच कळले नाही. त्या दिवसापासून पंढरी आधी जाई, बघे, आणि मग बोले. आणि बघून आलो हे शेवटी सांगे, जणू त्या माउलीला पुन्हा पुन्हा सांगत असावा.

अशी बावीस वर्षे गेली. मग निशांत आला.

निशांत ऐरोलीचा. काचेच्या इमारतीत ऑफिस, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर काळी बॅग आणि जिभेवर मध. त्याच्या ऑफिसचे काम म्हणजे कंपन्यांचे आणि पुढाऱ्यांचे नाव लोकांत चांगले ठेवणे. गावालगत खाडीच्या तोंडावर भराव घालून मोठे गोदाम उभारू पाहणाऱ्या एका कंपनीने त्यांना नेमले होते. भराव पडला तर लहान होड्यांचा खाडीत जायचा रस्ताच बंद होणार होता. म्हणून गाव कंपनीवर रागावलेले होते, आणि म्हणूनच निशांत गावात गोड बोलत फिरत होता.

त्याने समाजमंदिरात दोन तासांचा वर्ग ठेवला. विषय होता, आपले नाव आपण कसे जपावे. दुकानदार, बचत गटाच्या बाया, मंडळांचे अध्यक्ष, सगळ्यांना बोलावणे होते. भिंतीवर चित्रे पडत होती आणि निशांत सांगत होता, "वाईट बातमी आपल्याबद्दल असेल ना, तर ती दुसऱ्याच्या तोंडून लोकांना कळू द्यायची नाही. आपणच सांगायची. आणि पहिल्या तासात सांगायची. पहिला तास गेला, की लोक आपापली गोष्ट तयार करतात. मग तुम्ही कितीही खरं बोला, ते उशिराचं असतं. आणि अर्धं सांगू नका. अर्धं लपवलं की पूर्ण गेलं."

मागून केशरबाई बोलली. केशरबाई सत्तरीची, बाजारात मासळी विकणारी, गावातल्या बायांची न निवडलेली पुढारी. "मास्तर, सगला बराबर हाय. पन टोपलीतली मासली कुजलेली असेल त?"

लोक हसले. निशांतही हसला. मग हसू पुसून म्हणाला, "तर आजी, ती विकायचीच नाही. कुजलेल्या मासळीची जाहिरात आम्हालाही जमत नाही."

हे उत्तर पंढरीला आवडले. फार आवडले. त्याच्या शेजारी फजल बसला होता. उरणच्या बाजारात भोंगे, माइक, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा, पंढरीचा शाळेपासूनचा सोबती. फजलला ते आवडले नाही. तो पुटपुटला, "एवढं खरं बोलणारा माणूस खोटं काम करत असेल तर ओळखायचा कसा रे?"

"तुला सगल्यांवर संशय."

"भोंगे दुरुस्त करतो मी. आवाज बाहेरून गोड असला तरी आत उघडून बघायची सवय आहे."

वर्ग संपल्यावर निशांत पंढरीजवळ आला. वाकून नमस्कार केला. "काका, तुम्हीच ते. मी सगळीकडे ऐकतोय, पंढरीकाकांनी सांगितलं की झालं. आमच्या ऑफिसात असा आवाज नाही. खरंच नाही." मग म्हणाला, कंपनी गावात डोळ्यांचे शिबिर घेणार आहे, फुकट, चष्म्यासकट. त्याची दवंडी पंढरीकाकांच्या आवाजात हवी. फक्त रेकॉर्ड करून ठेवू, म्हणजे सारखी सारखी तसदी नको. "आणि काका, तुमचा घसा. मला कळतंय, त्रास होतोय. आवाज जपून ठेवायला हवा. तुम्ही थकाल, उद्या परवा... पण गावाला हा आवाज लागणारच ना?"

पंढरी त्रेसष्ट वर्षांचा होता. पहाटे घसा बसत असे. डॉक्टरने बोलणे कमी करायला सांगितले होते आणि हे त्याने आपल्या बायकोला, सगुणालाही सांगितलेले नव्हते. या परक्या पोराने ते ऐकून ओळखले. माणसाला जिथे दुखते, तिथेच कोणी हळुवार बोट ठेवले, तर त्याला ती मायाच वाटते. पंढरी हो म्हणाला.

समाजमंदिराच्या मागच्या खोलीत एक तास रेकॉर्डिंग चालले. फजल दारात बसून होता. निशांतने कागद दिला होता आणि पंढरी वाचत होता. शिबिराची वेळ. जागा. मग आजूबाजूच्या पंधरा गावांची नावे. मग एक ते एकतीस तारखा. मग जानेवारी ते डिसेंबर. मग "सुरू आहे", "पुढे ढकलले आहे", "रद्द झाले आहे", "नागरिकांनी येऊ नये".

फजलने दारातून उठून विचारले, "एका शिबिराला बारा महिने कशाला लागतात?"

"पुढच्या शिबिरांना लागतील ना चाचा," निशांत म्हणाला. "प्रत्येक वेळी काकांना कशाला त्रास?"

कागदाच्या तळाशी शेवटची ओळ होती. पंढरी तिथे थांबला. "ये नाय बोलनार. मी काय बघितलाच नाय अजून."

निशांतने कागद बाजूला ठेवला. घाई केली नाही. "काका, याच्याशिवाय ते तुमचं वाटतच नाही. आता नुसतं बोलून ठेवा. शिबिराच्या दिवशी तुम्ही जाऊन बघा, समाधान झालं तर मला फोन करा. तुमचा फोन आला तरच मी हे वाक्य लावीन. शब्द देतो."

पंढरीने माइककडे बघितले. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा, काही न बघता, तो बोलला. पंढरी बघून आलाय.

फजल दारातून उठून निघून गेला.

शिबिर झाले. चांगले झाले. केशरबाईला चष्मा मिळाला आणि तिला आपल्या सुनेच्या चेहऱ्यावरचे डाग पहिल्यांदा दिसले, असे ती सगळ्यांना सांगत सुटली. पंढरीला वाटले, फजलचा संशय फुकट गेला.

मग सुनावणीचा आदला दिवस आला.

गोदामाच्या भरावावर सरकारी जनसुनावणी होती. सकाळी अकरा वाजता, गावापासून सहा किलोमीटरवरच्या एका मैदानात. ज्याने तिथे येऊन हरकत सांगितली त्याची हरकत कागदावर. न आलेल्याची हरकत नाहीच. गाव आठवडाभर तयारी करत होते. टेंपो ठरले होते. पंढरीने स्वतः तीन दिवस भोंग्यावरून वेळ सांगितली होती.

दुपारी तीनच्या सुमारास सगुणा ओटीवर आली. हातात फोन होता. तिचा चेहरा असा होता, की पंढरीला वाटले, कोणीतरी गेले.

"ये तुमी कवा बोल्लात?"

तिने फोन त्याच्या कानाशी धरला. त्यातून पंढरीचा आवाज येत होता. "सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते की, उद्याची जनसुनावणी रद्द झाली आहे. नागरिकांनी मैदानावर येऊ नये. पुढील तारीख नंतर कळवली जाईल. पंढरी बघून आलाय."

पंढरीने फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, जणू पाठीमागे कोणी लपले असेल. "मी बोल्लो नाय."

"आवाज तुमचा हाय."

"आवाज माझा हाय. मी बोल्लो नाय."

सगुणाने त्याच्याकडे बघितले. पस्तीस वर्षांचा संसार, आणि त्या डोळ्यांत त्याने कधी न पाहिलेले काहीतरी होते. ती अगदी हळू बोलली, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. "खरा सांगा. कंपनीकडून काय घेतलाव काय?"

त्याला वाटले, खाडीचे सगळे पाणी एकदम ओसरले आणि तो चिखलात उभा राहिला. बाहेर गल्लीतून एकजण सायकलवरून गेला. रोज "काय पंढरीशेठ" म्हणणारा. आज त्याने मान फिरवली. की नुसतीच फिरली? पंढरीला ठरवता येईना. एकदा संशय गावात शिरला, की रोजच्या हालचालींनाही तोंड फुटते. दार लावल्याचा आवाज, थांबलेली कुजबुज, न दिलेला नमस्कार, सगळे काहीतरी म्हणू लागते.

तो रिक्षा घेऊन फजलकडे गेला. फजलने ऐकून घेतले, कानांवर मोठे हेडफोन लावले आणि तीच बातमी तीनदा ऐकली. मग हेडफोन काढून म्हणाला, "हा तू नाहीस."

"कसा काय?"

"तू बघून आलो म्हणायच्या आधी श्वास घेतोस. बावीस वर्षं मी तो श्वास ऐकतोय. तुझ्या माइकमध्ये त्याचा आवाज इतका येतो की मी दोनदा स्पंज बदलला. हा श्वासच घेत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही नाही. मशीन बोलतंय पंढरी. तासभर आवाज दिलास, मशीन शिकलं."

"मंग लोकांना सांग ना ये."

"लोकांना काय सांगू? की ऐका, याला श्वास नाही? लोक ऐकतात शब्द. आणि शब्द तर तूच दिलास, शेवटचासुद्धा." मग त्याचा आवाज खाली आला. "मी उठून गेलो तेव्हा तुझा हात धरून न्यायला पाहिजे होतं. नुसता निघून गेलो. ती चूक माझी."

पंढरीने निशांतला फोन लावला. तीन वेळा त्याने उचलला नाही, चौथ्यांदा उचलला.

"निशांतभाऊ, ये काय केलाव?"

 "काका, मी ती फाइल ऑफिसला दिली होती. पुढे कोणाकडे गेली, खरंच मला माहीत नाही."

"तुमी शब्द दिला होता."

 निशांतने "आम्ही केले नाही" असे म्हटले नाही. "आम्ही केले" असेही म्हटले नाही. शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही आता काय करणार आहात?" आणि पंढरीला कळेना, की हे एका पोराने काळजीने विचारले की कंपनीच्या माणसाने माहिती काढण्यासाठी. आज ज्याच्या त्याच्या बोलण्याला दोन तोंडे होती.

"तुमीच शिकवलाव ना," पंढरी म्हणाला. "पैल्या तासात."

फजलने रिक्षातला माइक काढून त्याच्या हातात दिला होता. "चल, अर्धाच तास झालाय. भोंगे चालू कर, गावात शिर, ओरडून सांग खोटं आहे म्हणून."

पंढरी रिक्षात बसला. आणि त्याने रिक्षा गावाकडे न वळवता हमरस्त्याला लावली.

"कुठे चाललास?"

"मैदानावर."

"अरे वेडा झालास काय! वेळ नाहीये!"

"सुनावनी हाय, ये मी बघितला कुठे? काल अधिकाऱ्याचा कागद बघितला. आज कोनी खरोखरच रद्द केली असली, आनि ये मशीन खरा बोलत असली त?" त्याचा आवाज फाटला. "एकदा न बघता बोल्लो त ये झाला. आज बघितल्याबिगर तोंड उघडनार नाय. मंग गेला त गेला पैला तास."

फजल डोक्याला हात लावून मागे बसला. कंटेनरच्या गाड्यांमधून वाट काढत ती रिक्षा सहा किलोमीटर गेली. घाबरलेल्या भक्ताने देवळाचे दार आधी हाताने चाचपून बघावे आणि मगच घंटेला हात घालावा, तसा तो माणूस चालला होता. तेच त्याचे भजन होते.

मैदानावर मांडव उभा होता. माणसे पडदे बांधत होती. मंचावर टेबल, मागे सुनावणीचा फलक, उद्याची तारीख. पंढरीने फलकाला हात लावून बघितला. मांडववाल्याला विचारले, "उद्याचाच ना?"

"उद्याचाच. रात्रीत साऊंड बसतो."

"कोनी रद्द बोल्ला नाय?"

"रद्द? नाही बुवा. फक्त खुर्च्या कमी केल्या. आधी पाचशे सांगितल्या होत्या, आज दुपारी निरोप आला, सव्वाशे पुरेत, लोक येणार नाहीत."

"दुपारी किती वाजता?"

मांडववाल्याने फोन बघितला. "दोन वाजता."

फजलने आणि पंढरीने एकमेकांकडे बघितले. सगुणाच्या फोनवर आवाज आला होता तीनला. लोक येणार नाहीत हे कोणाला तरी तासभर आधी ठाऊक होते. निरोप कोणी दिला, ते मांडववाला सांगू शकला नाही. ऑफिसातून आला म्हणाला, कुठल्या ऑफिसातून ते त्यालाही माहीत नव्हते. पुराव्याचे हे टोक हाती आले आणि हातातच राहिले.

गावाच्या वेशीशी येईपर्यंत साडेचार झाले होते. फजल भोंगे चालू करायला वाकला, तेव्हा पंढरीने त्याचा हात धरला.

"नको. भोंग्यातून आता जो बोलल तो पंढरीच हाय ये कोनाला कसा कळनार? तोच आवाज. सकाली एक, दुपारी दुसरा, संध्याकाली तिसरा." तो खाली उतरला, वेशीवरच्या बाकड्यावर चढला, आणि बावीस वर्षे टपावर असलेले दोन्ही भोंगे त्याने स्वतःच्या हाताने सोडून फजलच्या मांडीवर ठेवले. मग पहिल्या दाराशी जाऊन कडी वाजवली.

दीडशे उंबरे. प्रत्येक उंबऱ्यावर तेच. "मी पंढरी. माझा चेहरा बघा. फोनवर माझा आवाज हाय, शब्द माझे नाय. पन आवाज मीच दिला, हावरटपनाने दिला, आनि बघितल्याबिगर बघून आलो बोल्लो. ती चूक माझी. सुनावनी उद्या अकराला हाय. मांडव बघून आलो." घसा बसत चालला होता. विसाव्या घरापर्यंत आवाज घोगरा झाला, पन्नासाव्या घरापर्यंत कुजबुज उरली. ज्या आवाजाला जपण्यासाठी त्याने तो दिला होता, तोच उंबऱ्या-उंबऱ्यावर सांडत चालला होता.

काहींनी मान डोलावली. काहींनी दार न उघडता आतून "बरं" म्हटले. एकजण हसून म्हणाला, "कंपनीने पाकीट परत मागितला काय शेठ?"

केशरबाई आपल्या ओट्यावर मासळीची टोपली धूत होती. तिने सगळे ऐकून घेतले. नवा चष्मा नाकावर सरकवला आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"दुपारी रद्द. आता चालू. उद्या सकाली काय रं?"

"मावशे, मी खोटा नाय बोलत."

"दुपारचा बी तुझाच आवाज, त्याला खोटा बोलतंस. आताचा बी तुझाच आवाज, त्याला खरा बोलतंस. मी कोनता धरू?"

 पंढरीने वेशीवरच्या रिक्षाकडे बोट केले. मग त्याच्या बसलेल्या घशातून कसेबसे निघाले, "माझा नको धरू. चल, बसव तुझ्या बायांना. तू बघ."

केशरबाईने टोपली ठेवली. हात पदराला पुसले. दोन बायांना हाक मारली, आणि त्या तिघी त्या बोडक्या टपाच्या रिक्षात बसून मैदानावर गेल्या. मांडव बघितला. फलक वाचून घेतला. सव्वाशे खुर्च्यांची रास बघितली आणि केशरबाईने मांडववाल्याला असे काही झाडले, की तो पुन्हा फोन लावू लागला. दिवेलागणीच्या आत तिघी गावात परतल्या. मग उरलेल्या उंबऱ्यांवर पंढरीला बोलावे लागले नाही. तो मागे उभा असे आणि पुढे केशरबाई सांगे, "हाय सुनावनी. मी बघून आले."

दुसऱ्या दिवशी अकराला मांडवात खुर्च्या सव्वाशेच होत्या. माणसे बाजूला, मागे, उन्हात उभी होती. अधिकाऱ्याने मंचावरून एकदा दूरवर नजर टाकली आणि कारकुनाला उपस्थितांची मोजणी करायला सांगितले. चारशे बारा. होडीवाले बोलले, मिठागरवाले बोलले. पंढरीची पाळी आली तेव्हा त्याचा घसा इतका बसला होता, की माइकमधूनही नुसती कुजबुज आली. तो म्हणाला, माझी खाडीची हरकत मागून लिहा, आधी आवाजाची लिहा. अधिकारी म्हणाला, तो या सुनावणीचा विषय नाही. पोलिसांकडे अर्ज द्या. मांडवाच्या खांबाआड निशांत उभा होता. त्याची मान शेवटपर्यंत वर झाली नाही. पंढरीने त्याच्याकडे एकदाच बघितले. ती शरम होती की घाबरगुंडी, हेही त्याला कधी कळले नाही.

भरावाचा निकाल अजून लागलेला नाही. पंढरीने अर्ज दिला. ज्या नंबरवरून बातमी प्रथम फिरली तो कुठल्या तरी परराज्यातल्या माणसाच्या नावावर निघाला आणि तपास तिथेच बसला. कंपनीने एक पत्रक काढून घडल्या प्रकाराचा निषेध केला. पत्रक सुंदर होते. कुठेही एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

भोंगे पुन्हा टपावर चढले. आवाज दोन आठवड्यांनी परतला, पूर्वीसारखा जाड नव्हे, पण परतला. पाण्याची दवंडी झाली, जत्रेची झाली. लोक ऐकत आणि काहीजण शेजाऱ्याला विचारत, "खरा हाय काय?" पंढरी ते रिक्षातून ऐके. तो रागावत नसे. सगुणाने त्याची क्षमा मागितली नाही, त्यानेही तिच्याकडून तशी अपेक्षा केली नाही. फक्त ती आता रोज पहाटे कोमट पाण्यात मीठ घालून पेला त्याच्यासमोर ठेवू लागली.

मग एका सकाळी वरच्या आळीतल्या ज्ञानेश्वरी आजी झोपेतच गेल्या. पंढरी गेला. आजींच्या पायाशी बसला, त्यांच्या गार हाताला हात लावला, मुलाला वेळ विचारली. मग गल्लीच्या तोंडाशी येऊन त्याने रिक्षा थांबवली. भोंगे खरखरले. कोण गेल्या, कोणाच्या कोण होत्या, किती वाजता कुठून निघायचे. आवाज थांबला. श्वास घेतला.

"पंढरी बघून आलाय."

कोणी उठले नाही. खिडक्या उघडल्या, आणि खिडक्यांतून माणसे त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पंढरी माइक हातात धरून तसाच बसला. त्याने घाई केली नाही, पुन्हा सांगितले नाही. विश्वास हा मागून मिळत नाही, हे त्याने त्या दीडशे उंबऱ्यांवर शिकून घेतले होते.

ओट्यावरून केशरबाई उतरली. काठी टेकत टेकत वरच्या आळीत गेली, आजींच्या घरात शिरली. थोड्या वेळाने बाहेर आली. चष्मा काढून डोळे पुसले, रिक्षाशी आली आणि हात पुढे केला. पंढरीने माइक तिच्या हातात दिला. तिला तो कसा धरायचा ते माहीत नव्हते. तिने तो ओठांना टेकवला आणि आधी तिच्या धापेचाच आवाज साऱ्या आळीत घुमला.

"केशर बी बघून आली रं," ती म्हणाली. "चला, उठा."

आणि दारे उघडू लागली.